मूल अडलं की तीन सेकंद गप्प

पहिली-दुसरीच्या वर्गात पालकांना बोलावलं की त्यांच्या हाती बहुतेक वेळा कात्री नाहीतर डिंक येतो. तक्ते चिकटवा, स्नेहसंमेलनात मावळ्यांना मिशा काढा, सहलीच्या बसमध्ये डोकी मोजा. ही कामंही कुणीतरी करायलाच हवीत. पण आठवड्यातून तासभर मोकळा असलेल्या आईला, बाबांना किंवा आजोबांना याहून मोलाचं काम देता येतं: अडलेल्या मुलांजवळ बसून त्यांचं वाचन ऐकणं. त्याचा एक चांगला पुरावा मुंबईतलाच आहे.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची तपासणी झाली. बालसखी म्हणजे जवळपासच्या वस्तीतली, दहावी-बारावी शिकलेली तरुणी. प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचं. वर्गात मागे पडलेली १५-२० मुलं रोज शाळेच्या वेळातले दोन तास तिच्याकडे बसत आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी असा पाया पक्का करत. बालसखी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. संशोधकांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले.

मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. काही मुलं बालसखीकडे गेली की मूळ वर्गातली गर्दी कमी व्हायची. तरीही मागे उरलेल्या मुलांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटवून भागलं नाही. मूल जिथे अडलंय तिथे कुणीतरी येऊन बसल्यावर फरक पडला. अर्थात बालसखी रोज यायची आणि तिला मानधन होतं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पालकाकडून तेवढ्याच परिणामाची अपेक्षा धरणं चुकीचं. पण कामाचं स्वरूप तिच्याकडून उचलता येतं: चार-पाच मुलं, एक पुस्तक आणि ऐकणारा कान.

हे ऐकणं वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबत होते! तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, निरुत्तर राहणं कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. बाईंना तीस-चाळीस मुलांमध्ये हे तीन सेकंद परवडत नाहीत. पालकाला परवडतात.

मराठी वाचताना तर ते लागतातच. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र ‘क’ आधी. जोडाक्षरात अर्धं अक्षर ओळखू येईनासं होतं. ‘क्ष’मध्ये ‘क’ कुठे दिसतो? नवशिक्या वाचकाला हे सगळं मनात जुळवायचं असतं. तो ‘विमान’पाशी थबकला की आपण लगेच ‘विमान’ म्हणून टाकतो आणि त्याची जुळवाजुळव अर्धवट राहते.

मग मदत करायचीच नाही का? करायची, पण मापात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वुड आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात लहान मुलांना ठोकळ्यांचा मनोरा रचायला कशी मदत होते हे पाहिलं. मूल चुकलं की मदत थोडी वाढवायची, जमलं की लगेच कमी करायची, अशा रीतीने शिकवलेल्या मुलांना मनोरा पुढे एकट्याने जास्त चांगला जमला. वाचनात याचा अर्थ असा: आधी थांबा, मग बोट अक्षराखाली धरा, मग पहिला ध्वनी सुचवा, आणि तरीही अडलं तरच अख्खा शब्द सांगा.

जागेचाही विचार करावा. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत विकसित होत राहते. मोठ्यांना सहज ऐकू येणारं वाक्य सहा वर्षांच्या मुलाला पंख्याच्या घरघरीत अर्धंच पोहोचतं. म्हणून वर्गाच्या मागच्या बाकावर कुजबुजत बसू नये, बाकीच्या मुलांचंही नुकसान होतं. व्हरांडा बरा, पण रेल्वेमार्गाकडचा नव्हे.

आणि शक्यतो स्वतःच्या मुलाचा गट घेऊ नये. आई समोर असली की काही मुलं बिलगतात, काही मुद्दाम वाचत नाहीत; शिवाय आपलं मूल अडलं की तीन सेकंद गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही. शेजारच्या तुकडीत जावं. तास संपला की कोण कोणत्या अक्षराशी अडलं ते बाईंच्या वहीत लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी येणारा पालक तिथूनच सुरुवात करील. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्यातलं काहीही जाऊ नये.