अमेरिकेत अप्लाइड मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस-पीएचडी: पात्रता, कागदपत्रं आणि पदवीच्या अटी

अमेरिकेतल्या विद्यापीठात उपयोजित गणित किंवा संख्याशास्त्रासाठी अर्ज करताना दोन याद्या असतात. पहिली प्रवेशाची: गुण, परीक्षा, शिफारसपत्रं. ती सगळेच वाचतात. दुसरी पदवी पूर्ण करण्याच्या अटींची, आणि ती विभागाच्या हँडबुकमध्ये असते. किती सेमिस्टरची फी भरावी लागेल, कोणते विषय टाळता येणार नाहीत, नापास झालात तर काय, हे सगळं त्या दुसऱ्या यादीत लिहिलेलं असतं. अर्जाची फी भरण्याआधी ती वाचावी. अनेक ठिकाणी ही फी शंभर डॉलरच्या आसपास असते आणि परत मिळत नाही, त्यामुळे नको तिथे अर्ज न करणं हीसुद्धा बचतच.

सुरुवात विभागापासून. जॉन्स हॉपकिन्स आणि स्टोनी ब्रूक इथे दोन्ही विषयांचा मिळून एकच विभाग आहे. ब्राउनमध्ये उपयोजित गणिताचा स्वतंत्र विभाग आहे, तर बर्कली आणि स्टॅनफर्डमध्ये संख्याशास्त्राचा. एकत्र विभागातही वाटा फुटतात. स्टोनी ब्रूकमध्ये संख्याशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च, क्वांटिटेटिव्ह फायनान्स, संगणकीय उपयोजित गणित, संगणकीय जीवशास्त्र अशा शाखा आहेत. शाखा बदलली की सक्तीचे विषयही बदलतात, म्हणून अटी वाचताना आपल्या शाखेच्याच वाचाव्यात.

एमएसचा हिशेब

बहुतेक एमएस अभ्यासक्रम ३० ते ३६ क्रेडिटचे असतात. एक विषय साधारण ३ क्रेडिटचा, म्हणजे ३० क्रेडिटला दहा विषय. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ नोंदणी ठेवावी लागते. पदव्युत्तर पातळीवर पूर्णवेळ म्हणजे किती हे विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ते ९ क्रेडिट असतं. आता आकडेमोड करा: तीन सेमिस्टर प्रत्येकी ९ घेतले तर २७ होतात आणि उरलेल्या एका विषयासाठी चौथं सेमिस्टर करावं लागतं. दीड वर्षात संपवायचं असेल तर एका सेमिस्टरला १२ क्रेडिट पेलावे लागतील. पहिल्याच सेमिस्टरला ते धाडस करू नये. शेवटच्या सेमिस्टरला एकच विषय उरला असेल तर कमी नोंदणी चालते, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. आधी विषय सोडला आणि मग विचारायला गेलात तर व्हिसाची स्थितीच धोक्यात येते. ऑनलाइन विषयांचंही बंधन आहे: पूर्णवेळ नोंदणीत दर सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो.

दहा विषय मनासारखे निवडता येत नाहीत. संभाव्यता, गणितीय संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित हा गाभा जवळपास सगळीकडे असतो. त्यावर शाखेनुसार न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस, ऑप्टिमायझेशन, स्टोकॅस्टिक प्रोसेसेस किंवा रिग्रेशन येतं. दुसऱ्या विभागाचे किती विषय धरायचे यावर सहसा मर्यादा असते. कॉम्प्युटर सायन्सचे मशीन लर्निंगचे चार विषय घेऊन पदवी संख्याशास्त्राची मिळवू, असा बेत असेल तर तो इथेच अडतो. त्यापेक्षा सरळ डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमाला अर्ज केलेला बरा.

ग्रेडची किमान सरासरी सामान्यतः ३.०, म्हणजे बी. ए ला ४, बी ला ३, सी ला २ गुण. एक सी भरून काढायला एक ए लागतो. काही विभाग तर सी मिळालेला विषय पदवीसाठी धरतच नाहीत, तो पुन्हा करायला लावतात आणि त्याची फी पुन्हा भरावी लागते. सरासरी ३.० च्या खाली गेली की विद्यार्थी प्रोबेशनवर, म्हणजे ताकीद मिळून निरीक्षणाखाली, जातो. प्रबंध लिहायचा की फक्त विषय पूर्ण करायचे हा पर्याय अनेक ठिकाणी मिळतो. नोकरीच करायची असेल तर प्रबंध टाळायला हरकत नाही. पुढे पीएचडीचा विचार असेल तर मात्र तो लिहावा, कारण त्यातून तुमचं संशोधन जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र मिळतं.

पीएचडी

अमेरिकेत पीएचडीसाठी आधी एमएस असावंच लागतं असं नाही, पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. खरी चाळणी क्वालिफायिंग परीक्षेची. ती सहसा पहिल्या एक-दोन वर्षांत होते आणि संधी मोजक्याच, बऱ्याच ठिकाणी दोन. प्रश्न सिद्धतेवर भर देणारे असतात: रिअल अ‍ॅनालिसिस, रेषीय बीजगणित, संभाव्यता, सांख्यिकीय अनुमान. ती न जमल्यास अनेक विभाग एमएस देऊन निरोप देतात. पुढे मार्गदर्शक मिळवणं, कँडिडसी (प्रबंधाच्या टप्प्यावर जाण्याची औपचारिक मान्यता), प्रबंध आणि शेवटी समितीसमोर बचाव. क्वालिफायिंगला किती वेळा बसता येतं, त्या परीक्षेतले विषय कोणते आणि जुन्या प्रश्नपत्रिका उपलब्ध आहेत का, हे आधीच पाहून ठेवावं. जुनी प्रश्नपत्रिका उघडून पाहिली की आपली तयारी कुठे आहे ते तासाभरात कळतं.

पीएचडीत पैशाची बाजू मात्र सोपी. निवड झालेल्यांना सहसा अध्यापन किंवा संशोधन सहायकपद, फी माफी आणि विद्यावेतन मिळतं. एमएसला तशी अपेक्षा ठेवू नये. आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा देणारा ठराव अमेरिकेतल्या बहुसंख्य पदव्युत्तर संस्थांनी मान्य केला आहे. त्याआधी घाई करणारा ईमेल आला तर हे लक्षात ठेवा.

पात्रता

पदवी गणिताचीच हवी अशी अट क्वचितच असते. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्राचे विद्यार्थीही घेतले जातात. बहुचल कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि थोडं प्रोग्रॅमिंग झालेलं असलं पाहिजे. पीएचडीसाठी रिअल अ‍ॅनालिसिस नसेल तर अर्ज कमकुवत ठरतो. अभियांत्रिकीच्या 'मॅथ्स-३', 'मॅथ्स-४' या नावांवरून समितीला काहीच कळत नाही. त्या विषयांत काय शिकवलं जातं याची दोन-दोन ओळींची माहिती सोबत जोडावी.

तीन वर्षांची बीएस्सी ही आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची जुनी अडचण. काही विद्यापीठं ती थेट मान्य करतात, काही चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण मागतात. तिथे एमएस्सी किंवा नव्या धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी कामी येते. धोरण विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचं असतं. विभाग तयार असूनही अर्ज तिथे अडू शकतो, त्यामुळे विचारायचं तर तिथेच विचारा.

कागदपत्रं आणि परीक्षा

सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित उतारा), पदवी प्रमाणपत्र, पासपोर्ट, सीव्ही, स्टेटमेंट ऑफ पर्पज (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारं निवेदन) आणि सहसा तीन शिफारसपत्रं. यात सगळ्यात जास्त वेळ ट्रान्सक्रिप्टला लागतो, तेव्हा ते आधी मागवा. सीजीपीए दहाच्या पट्टीत असेल तर अर्जातही तसाच लिहावा. विद्यापीठाने सांगितल्याशिवाय चारच्या पट्टीत स्वतः रूपांतर करू नये.

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती सुमारे दोन तासांची झाली असून गुण पाच वर्षं चालतात. तिच्या क्वांट म्हणजे गणिताच्या भागात उत्तम गुण असतील तरच ऐच्छिक ठिकाणी पाठवावेत, कारण गणिताच्या अर्जदारांत तिथे जवळपास सगळेच वर असतात. जीआरईची गणिताची विषय-परीक्षा वेगळी. तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रश्न कॅल्क्युलसवर असतात आणि ती वर्षातून मोजक्याच तारखांना होते. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षंच ग्राह्य धरतात.

पीएचडीची मुदत बहुधा डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला संपते, एमएसची त्यानंतर.

प्रवेश मिळाल्यावर

पहिल्या वर्षाचा खर्च झेपेल हे दाखवल्यावर आय-२० (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेशपत्र) मिळतं. त्यासाठी बँकेचा दाखला, कर्जमंजुरीचं पत्र, पालकांचं हमीपत्र लागतं. मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी. व्हिसा अर्जाची फी वेगळी. आय-२० वरचा अभ्यासक्रमाचा कोड तपासा: उपयोजित गणिताचा २७.०३०१, संख्याशास्त्राचा २७.०५०१. हे दोन्ही स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, त्यामुळे पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी) आणखी २४ महिने मिळू शकतात.

शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की दोन अर्ज करायचे असतात. पहिला पदवीसाठीचा: क्रेडिट पूर्ण झाले म्हणून पदवी आपोआप मिळत नाही, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नाव द्यावं लागतं. दुसरा ओपीटीचा. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत तो करता येतो, मात्र विद्यापीठाने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो इमिग्रेशन खात्याकडे पोहोचायला हवा.