वाईच्या नावाचा खडक

वाई म्हटले की आपल्याला कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती आठवतो. भूशास्त्रज्ञांना मात्र त्याच नावाने लाव्हाच्या थरांचा एक प्रचंड ढीग आठवतो. दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचे, जे वर्गीकरण रूढ आहे, त्यातील सर्वांत वरच्या उपगटाला वाईचे नाव मिळाले असून त्यातील थरसमूह पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशा आपल्याच घाटवाटांवरील गावांच्या आणि घाटांच्या नावांनी ओळखले जातात.

हा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तयार झाला. भारताचा भूखंड तेव्हा हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता आणि आज ज्यावर रीयुनियन बेट आहे, त्या उष्णस्थानावरून (पृथ्वीच्या पोटातून अतितप्त द्रव्य वर येते अशा जागेवरून) जाताना त्याला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. पाचगणीच्या टेबललँडवर येणारे पर्यटक ‘ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे?’ असे हमखास विचारतात. तसे तोंड तिथे नाहीच, कारण हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उसळण्याऐवजी मुख्यतः भेगांतून पसरला. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. आंध्रातील राजमहेंद्रीजवळ सापडणारा बेसाल्ट रासायनिकदृष्ट्या आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळतो, म्हणून तो लाव्हा प्राचीन नदीखोऱ्यांतून वाहत तिथवर गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

लाव्हाच्या प्रत्येक थराचा गाभा घट्ट असतो आणि माथा वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र होतो. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल, तर मधल्या काळात झिजलेल्या पृष्ठभागाचा लाल पट्टाही दिसतो. घट्ट थर झिजायला वेळ लावतो आणि मऊ थर लवकर ढासळतो, त्यामुळे आपल्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार येतो. सज्जनगडाचा ताशीव कडा ही त्यातलीच एक पायरी होय. डोंगरउतारावरचे झरे दोन थरांच्या सांध्यांत फुटतात आणि शेजारी-शेजारी खोदलेल्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी लागते, दुसरी कोरडी राहते, याचेही कारण बहुतेक वेळा नशिबापेक्षा थरांच्या या रचनेतच असते.

खनिजांच्या बाबतीत मात्र हा खडक कंजूष आहे. महाराष्ट्राचा कोळसा आणि मँगनीज विदर्भात मिळते, कारण तिथे लाव्हाचे आवरण पातळ होत संपते आणि जुने खडक उघडे पडतात. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवरे घेतली, तेव्हा साधारण एक किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस जातीचा प्राचीन पाया लागला.

या खडकाची खरी श्रीमंती त्याच्या झिजण्यात आहे, आणि एकच खडक दोन ठिकाणी किती वेगळा झिजतो, हे पाहायला सातारा-सांगलीसारखा मुलूख नाही. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर तिथून पूर्वेला काही तासांच्या अंतरावर असलेल्या माण किंवा आटपाडी तालुक्यात जेमतेम ५०० मिलिमीटर. जिथे पाणी अखंड झिरपत राहिले, तिथे बेसाल्टमधील सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरून जांभा तयार झाला. कासचे पठार म्हणजे असाच जांभ्याचा सडा असून त्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की झाडे मूळ धरू शकत नाहीत, आणि म्हणूनच तिथे पावसाळ्यात छोट्या फुलझाडांचे राज्य असते. ज्या जांभ्यात ॲल्युमिनियम पुरेसे साठले, तो बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, ठरतो. कमी पावसाच्या सखल भागात हीच मूलद्रव्ये वाहून न जाता जागेवर राहिली, त्यांची फुगणारी चिकणमाती बनली आणि तिलाच आपण काळी जमीन म्हणतो.

पठाराचा कल पूर्वेकडे असल्यामुळे कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर उगम पावूनही बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. पश्चिमेला मात्र कोकणाकडे सरळ कडा आहे, आणि कोयनेचा वीजप्रकल्प या विषमतेवरच उभा आहे: पूर्वेकडे जाणारे पाणी धरणात अडवायचे, बोगद्यांतून कड्याखाली सोडायचे आणि त्या उंचीचे रूपांतर विजेत करायचे. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात कोयना आजही जगातले एक प्रमुख ठिकाण मानले जाते.

सांगलीपर्यंत येता येता कृष्णेचा वेग मंदावतो आणि वरच्या डोंगरांची झीज नदीकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या, जमिनीत जमा होते. ऊस, हळद, द्राक्षे यांचे वैभव तिच्यावरच उभे आहे. पण फुगणाऱ्या मातीत पाणी लवकर खाली उतरत नाही. बारमाही पाटपाण्याने भूजल वर चढते, पाण्याची वाफ होऊन क्षार पृष्ठभागावर राहतात आणि उसाचे रान पांढरे पडू लागते. अशा क्षारपड रानात आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून जादा पाणी ओढ्याकडे काढून देतात. जांभ्यातून पावसाने जे फुकट धुऊन नेले, तेच काळ्या जमिनीतून बाहेर काढायला शेतकऱ्याला चर खोदावा लागतो आणि त्यासाठी शेजाऱ्याच्या बांधाखालून वाटही मागावी लागते.