गाडीतला आवाज गेला? आधी तारा तपासा

गाडीतली म्युझिक सिस्टीम गप्प झाली की पहिला संशय डॅशबोर्डमधल्या हेड युनिटवर, म्हणजे रेडिओच्या मुख्य डब्यावर, जातो. पण पुष्कळदा दोष स्पीकरमध्ये नाहीतर तारेत निघतो. म्हणून फेडर (आवाज पुढे-मागे नेणारी सेटिंग) आणि बॅलन्स (डावी-उजवीकडे नेणारी) एकेका कोपऱ्याकडे नेऊन कोणता स्पीकर मुका आहे ते आधी हेरावे. फेडरच एका टोकाला सरकलेला असणे, हेही घडते!

दाराचा एकच स्पीकर मुका असेल तर गाणे चालू ठेवून दार हळूहळू उघड-बंद करा. आवाज येतो-जातो? मग दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तार तुटलेली असणार. सतत वाकून आतले तांबे तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते.

तसे नसेल तर सिस्टीम बंद करा, स्पीकरचा कनेक्टर काढा आणि मल्टीमीटरने रोध मोजा. 4 ओहमचा स्पीकर साधारण 3.2 ते 3.8 दाखवतो. 4 हा आकडा ध्वनीच्या बदलत्या प्रवाहासाठीचा आहे. मीटर मोजतो तो नुसता कॉईलच्या, म्हणजे स्पीकरमधल्या वेटोळ्याच्या, तारेचा रोध. काही गाड्यांत 2 ओहमचे स्पीकरही असतात, तेव्हा मागची छपाई पाहावी. मीटर आकडाच न देता अनंत रोध (OL) दाखवत असेल, म्हणजे सर्किट उघडे असेल, तर कॉईल गेली. ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) हा नियम लावू नका: त्याच्या वाटेत मीटरचा प्रवाह अडवणारा कपॅसिटर असल्याने चांगला ट्वीटरही तसाच दिसतो.

डिस्प्ले चालू, पण सगळेच स्पीकर मुके, हे कोडे जास्त फसवे. हेड युनिटच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची कोणतीही तार अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडलेली नसते. चालू असताना दोन्ही तारांवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे 6-7 व्होल्ट असतात. त्यातली एक जरी सोलून पत्र्याला टेकली, तरी ॲम्प्लिफायरची चिप स्वतःला वाचवण्यासाठी सगळे चॅनल बंद करते. अशा वेळी नुसते स्पीकर काढून उपयोग नाही, कारण टेकलेली तार तशीच राहते. हेड युनिटच्या टोकाला एकेका स्पीकरची जोडी सोडवत जा. जी सोडवल्यावर आवाज परतेल, तीच दोषी.

इंजिनचा वेग वाढेल तशी वर चढणारी शिट्टी येत असेल, तर अर्थची जोडणी घासून घट्ट करून बघा.

बॅटरी सोडवण्यापूर्वी रेडिओचा कोड हाताशी ठेवा. अनेक मूळ सिस्टीम वीज तुटल्यावर त्याशिवाय सुरूच होत नाहीत.