फ्यूज बॅटरीजवळच का लावायचा?

आमच्या सोलर संचासोबत येणाऱ्या बॅटरी केबलवर, पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावर, 40 अँपिअरचा फ्यूज आधीच बसवलेला असतो. फिटिंग करताना बरेच जण तो कापून काढतात आणि कंट्रोलरशेजारच्या (पॅनलकडून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याशेजारच्या) बोर्डावर नेतात. तिथे तो नीटनेटका दिसतो, बदलायलाही सोपा पडतो. पुढे कधीतरी आमच्याकडे विचारणा येते, की फ्यूज असूनही वायर जळाली कशी? तो हलवला, हेच कारण.

फ्यूज राखतो ती वायर, आणि तीही करंट जिथून येतो त्या टोकापासून पुढची. चार्जिंगच्या वेळी करंट कंट्रोलरकडून बॅटरीकडे जातो, म्हणून फ्यूज कंट्रोलरपाशी हवा असं वाटणं साहजिक आहे. पण वायर शॉर्ट झाली की करंट बॅटरीतून उलटा येतो. 30 अँपिअरचा कंट्रोलर फार तर 30 अँपिअर देईल. 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) भरलेली बॅटरी शॉर्टमध्ये हजार अँपिअरच्याही पुढे जाते. बोर्ड बॅटरीपासून तीन मीटरवर असेल, तर मधल्या तीन मीटर वायरला कुणाचंच संरक्षण नाही. उंदरांनी कुरतडून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकमेकींना भिडल्या तर काही सेकंदांत इन्सुलेशन पेटतं. बोर्डावरचा फ्यूज मात्र शाबूत असतो, कारण हा करंट त्याच्यातून गेलेलाच नसतो.

मग थेट टर्मिनलवरच का नाही? भरत आलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि फ्यूज उडताना ठिणगी पडू शकते. म्हणून बॅटरीच्या झाकणांच्या वर तो नको. बाजूला, बंद होल्डरमध्ये हवा. केबलची लांबी आम्ही त्या हिशेबानेच ठेवतो. लिथियम बॅटरीत बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) असतो, तरीही फ्यूज लागतोच. तिचा शॉर्ट करंट आणखी मोठा असतो, त्यामुळे तिच्यासाठी जास्त ब्रेकिंग कपॅसिटीचा (म्हणजे मोठा शॉर्ट करंटही तोडू शकणारा) फ्यूज आम्ही वेगळा देतो. काचेचा छोटा फ्यूज दोन्हीकडे चालत नाही.

40 हा आकडा असा येतो: कंट्रोलरचे 30 अँपिअर गुणिले 1.25 म्हणजे 37.5, त्याच्या वरचा मिळणारा फ्यूज 40 चा. त्याला तांब्याची 10 चौ. मिमी वायर लागते. 6 चौ. मिमी घालून वायरचे पैसे वाचवू नका. फ्यूज उडण्याआधी वायरच तापेल.

फ्यूज उडाला म्हणून 60 चा घालू नका, आधी कारण शोधा. जोडताक्षणी उडाला, तर बहुधा बॅटरी उलटी जोडली गेली आहे. मल्टिमीटर लावून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह तपासा. बरेच दिवस चालून भर दुपारी उडाला आणि होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं, तर नट किंवा लग (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) सैल आहे. सैल जोड तापतो, ती उष्णता फ्यूजला वितळवते. लग हातोडीने ठोकून बसवू नका, क्रिंपिंग टूलनेच दाबा. नट पहिल्या महिन्यानंतर एकदा पुन्हा आवळा.

आमचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) घरातल्या एमसीबीपेक्षा महाग का, हेही वारंवार विचारलं जातं. 50 हर्ट्झच्या एसीत, म्हणजे घरातल्या विजेत, करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडणारा आर्क (सलग ठिणगी) सहज विझतो. डीसीत, म्हणजे बॅटरी आणि पॅनलच्या विजेत, तो शून्य येतच नाही. म्हणून तिथे एसीचा एमसीबी आतून जळू शकतो. डीसी एमसीबीतही दोन प्रकार आहेत. ज्याच्यावर + आणि − खुणा असतात, तो एकाच दिशेचा आर्क नीट तोडतो. बॅटरी लाइनवर चार्जिंगचा करंट एका दिशेने आणि शॉर्टचा दुसऱ्या दिशेने, म्हणून तिथे दोन्ही दिशांना चालणाराच लागतो. आम्ही तोच देतो आणि स्वस्तातला पर्याय ठेवत नाही. तो बंद-चालू करण्यासाठी आहे, फ्यूजच्या जागी नाही.

बंद करताना आधी पॅनलचा स्विच, मग बॅटरीचा. चालू करताना आधी बॅटरी, मग पॅनल. उन्हात पॅनल चालू असताना बॅटरी तोडली तर काही कंट्रोलर बिघडतात, काही 12 व्होल्टची बॅटरी 24 ची समजून बसतात.

पॅनलच्या बाजूला एकच पॅनल असेल तर फ्यूज उडेल अशी अपेक्षाच ठेवू नका. सुमारे 8.3 अँपिअरवर चालणारं 150 वॉटचं पॅनल शॉर्टमध्येही नऊच्या आसपासच देतं. तीन किंवा जास्त पॅनल समांतर जोडली, की मात्र प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज लागतो. एक पॅनल बिघडलं तर बाकीच्यांचा करंट त्याच्यात शिरतो. किती अँपिअरचा, ते पॅनलमागच्या लेबलवर 'कमाल सीरिज फ्यूज' म्हणून छापलेलं असतं, बहुधा 15.

इन्व्हर्टरची लाइन कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरून घेऊ नका. ती थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह न्या. इन्व्हर्टरमधला अपव्यय आणि उतरलेल्या बॅटरीचं कमी व्होल्टेज धरलं, तर 800 वॉटचा लोड 12 व्होल्टच्या बॅटरीतून 90 अँपिअरच्या आसपास ओढतो. त्यासाठी 125 अँपिअरच्या फ्यूजची तयार केबल आमच्याकडे मिळते.

प्रत्येक संचाच्या डब्यात दोन सुटे 40 चे फ्यूज असतात. ते संपले किंवा बॅटरी बदलली, तर नवीन मागवण्यापूर्वी होल्डरचा आणि वायरवर छापलेल्या जाडीचा फोटो पाठवा. त्यावरून नेमका फ्यूज आणि लग जुळवून देतो.