हेड आणि पिस्टन : इंजिन उघडण्याआधी एवढं वाचा

जुन्या एअर-कूल्ड गाडीचं इंजिन कामाला आलं की ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता उघडतोच आहोत, तर मोठे पिस्टन टाकायचे का?" टाकता येतात, आणि नीट बसवले तर गाडीला चांगला दमही येतो. पण पिस्टन एकटे निवडायचे नसतात. पिस्टन ठरले की हेडचं (सिलिंडरवर बसणाऱ्या झाकणाचं) अर्धं काम ठरतं, आणि हेडची हालत पाहून पिस्टन किती मोठे घ्यायचे ते ठरतं. खालची उदाहरणं फोक्सवॅगन बीटलच्या १६०० इंजिनाची आहेत, कारण आमच्या टेबलावर तेच सगळ्यात जास्त येतं.

मुळात या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ६९ मिमी, म्हणजे १५८४ सीसी. चारही बॅरल, म्हणजे सिलिंडरच्या नळ्या, सुटे असतात : एक टोक केसमध्ये (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात), दुसरं हेडमध्ये, आणि लांब स्टडनी सगळं आवळलेलं. त्यामुळे बॅरल आणि पिस्टनचा पूर्ण संच बदलता येतो. ८७ मिमीचा संच केसला हात न लावता बसतो आणि १६४१ सीसी होतात. तसाच थेट बसणारा ८८ चा संचही मिळतो, पण तो आम्ही बसवत नाही. बाहेरचं माप तेवढंच ठेवून आतून बोअर वाढवल्यामुळे त्याची भिंत पातळ राहते. तापल्यावर ती गोलाई सोडते, पिस्टनच्या रिंगा सगळीकडून टेकत नाहीत आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं. त्यापेक्षा ९०.५ चा संच घ्या. त्यासाठी केस आणि हेड दोन्ही मशीनवर मोठे करावे लागतात, पण बॅरलची भिंत जाड मिळते आणि इंजिन सुमारे १७७५ सीसीचं होतं.

हेडला काय सोसावं लागतं

सीसी वाढले की पेट्रोल जास्त जळतं, आणि जास्त जळलं की धगही वाढते. इथे पाणी नाही. ती धग फिन्समधून, म्हणजे हेड आणि बॅरलवरच्या पातळ पात्यांमधून, जाणाऱ्या हवेनेच न्यायची असते. जुनं हेड आलं की आम्ही आधी काजळी साफ करून दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कड्यांच्या) मधली जागा आणि प्लगच्या आट्यांपासून सीटकडे जाणारी पट्टी भिंगाखाली पाहतो. चीर जवळपास नेहमी तिथेच निघते. चिरलेल्या हेडला वेल्डिंग होतं, पण मोठ्या पिस्टनवर ते हेड चढवायला आमचं मन घेत नाही. अशा वेळी नवं कास्टिंग घ्या.

जर्मनीत बनलेल्या १६०० इंजिनाला १९७१ च्या मॉडेलपासून प्रत्येक सिलिंडरला वेगळा इनटेक पोर्ट (मिश्रण आत येण्याचा मार्ग) मिळाला. सुधारणेसाठी पाया म्हणून हेच हेड घ्यावं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह ३५.५ आणि एक्झॉस्ट ३२ मिमीचा असतो. बाजारात ४० आणि ३५.५ ची जोडी असलेली हेड सहज मिळतात. पण व्हॉल्व्ह मोठे केले की दोन सीटच्या मधलं धातूचं अंग तेवढंच कमी होतं, आणि चीर पडते ती नेमकी त्याच जागी. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ मापाचे नवे व्हॉल्व्ह, नव्या गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) आणि साफ पोर्ट एवढं पुरतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र दिसायला कितीही चांगला असला तरी जुना परत घालत नाही. त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं की पिस्टन, हेड आणि कधीकधी केसही जाते.

नव्या हेडमध्येही एक गोष्ट पाहावी लागते. ओतकामात फिन्सच्या मध्ये धातूचे पातळ पापुद्रे राहतात. हेड उजेडासमोर धरलं की कुठली फट बंद आहे ते लगेच दिसतं. आम्ही लांब कानशीने त्या एकेक करून मोकळ्या करतो. दीड-दोन तासांचं कंटाळवाणं काम आहे, पण ते केल्याशिवाय आमच्याकडून हेड चढत नाही.

कॉम्प्रेशन मोजून ठरवा

सुरुवातीच्या काळात एक इंजिन आम्ही संचाच्या डब्यावरच्या आकड्यावर विसंबून बांधलं. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रणाचा दाब, जास्त झाल्याने चढावर ते खडखडू लागलं. उघडलं तर पिस्टनच्या माथ्याची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली होती. तेव्हापासून न मोजता एकही हेड आवळलेलं नाही.

मोजायचं असं : हेड उलटं ठेवून वर भोकाची प्लास्टिकची काच बसवायची आणि ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) द्रव सोडून चेंबर, म्हणजे मिश्रण जळण्याची पोकळी, किती सीसीचं आहे ते पाहायचं. मग पिस्टन पूर्ण वर आणून त्याचा माथा बॅरलच्या कडेपासून किती खाली राहतो ते मोजायचं. समजा चेंबर ५० सीसी आहे आणि ही फट १.५ मिमी. ९०.५ च्या बोअरला ती फट म्हणजे आणखी साडेनऊ-पावणेदहा सीसी. पिस्टन वर जाताना ४४४ सीसी दाबतो, त्यामुळे कॉम्प्रेशनचं गुणोत्तर (एकूण जागा भागिले वर उरलेली जागा) ८.४ येतं. मूळ इंजिनाचं होतं ७.५. फट १ मिमी ठेवली तर तेच ८.९ वर जातं. अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक पडतो.

रोजच्या गाडीला आम्ही ८ च्या वर जात नाही. त्यासाठी बॅरलखाली जाड शिम (धातूची चकती) घालून फट वाढवणं सोपं असतं, पण फट फार मोठी झाली की मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि खडखड उलट वाढते. म्हणून फट १ ते १.५ मिमीतच ठेवून चेंबर आतून मोकळं करतो. वरच्या उदाहरणात चेंबर ५४ सीसीचं केलं की गुणोत्तर बरोबर ८ येतं.

पिस्टन ओतीव की घडीव

तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ९० मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.२ मिमी वाढतो, बॅरल त्याच्या निम्मं. घडीव पिस्टन मजबूत असतो, पण त्याचा धातू सहसा जास्त फुगतो. म्हणून बॅरलमध्ये त्याला जास्त सूट द्यावी लागते, आणि थंड असताना तो टकटक वाजतो. शर्यतीला तो हवाच; रोजच्या गाडीला चांगला ओतीव पिस्टन शांत चालतो. चारही पिस्टन आम्ही तोलून ५ ग्रॅमच्या फरकात आणतो, रिंग बॅरलमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने तिची फट पाहतो (या बोअरला साधारण ०.३५ मिमी), आणि माथ्यावरचा बाण फ्लायव्हीलकडे ठेवतो. पिस्टन ज्यावर अडकतो ती पिन मध्यापासून थोडी सरकवलेली असते, त्यासाठी तो बाण.

गाडी आणताना इंजिनावरचे सगळे पत्रे सोबत आणा, गंजलेले असले तरी. हवा सिलिंडरकडे वळवणारे तेच आहेत. त्यातला एक जरी कमी असला तरी आम्ही इंजिन चालू करून देत नाही. गाडी परत नेल्यावर पहिले ५०० किमी वेग कमी-जास्त करत चालवा, एकाच वेगात तासन्‌तास नको. मग ऑइल बदलायला या. त्याच वेळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाजवळची फट) ०.१५ मिमीवर पुन्हा लावून देऊ. त्यासाठी गाडी आदल्या रात्री आमच्याकडे सोडलेली बरी.