सायीपासून ‘मिल्क प्रोटीन’पर्यंत

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि थंडीच्या कोरड्या वाऱ्यात गाल-ओठ उलतात. साय आणि डाळीचं पीठ चेहऱ्याला चोळणं खानदेशात म्हणूनच घरोघरी चालत आलंय. आता क्रीमच्या डबीवर ‘मिल्क प्रोटीन’ वाचलं की तीच साय डबीत भरून आली असं अनेकांना वाटतं. पण सायीचा गुण मुख्यतः तिच्यातल्या स्निग्धांशाचा. दह्याचा गुण लॅक्टिक आम्लाचा. ते स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळं केलं होतं. प्रथिनं क्रीममध्ये आली ती कारखान्याच्या वाटेनं.

कच्चं दूध कोमट करून त्यात लिंबू पिळा. गुठळ्या धरतात ते केसीन, म्हणजे गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के. उरलेली हिरवट-पिवळी निवळी, तिच्यात व्हे प्रथिनं असतात. केसीनला गिऱ्हाईक आधीपासून होतं: सरस, बटणं, १९३० च्या दशकात इटलीत तर कापडाचा धागासुद्धा. निवळीचे मात्र हाल. आपल्याकडे तिच्यात कणीक भिजवतात. पाश्चात्त्य देशांतले चीजचे कारखाने ती डुकरांना घालत, नाहीतर सरळ नाल्यात सोडत, आणि त्यानं नद्यांचं पाणी बिघडे. १९७० च्या दशकात अल्ट्राफिल्ट्रेशनच्या बारीक चाळण्या आल्या, निवळीतली प्रथिनं न तापवता वेगळी काढता येऊ लागली. टाकाऊ पाण्याचा माल झाला.

दुधाची ही प्रथिनं त्वचेवर करतात काय? केसीनचा रेणू १९ ते २५ हजार डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप), आणि त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचेच रेणू आत शिरतात. म्हणून प्रथिन वरच राहतं, पातळ थर धरतं आणि ओल टिकवतं. विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचे तुकडे केले की ते ‘हायड्रोलाइझ्ड’. पाण्यात सहज विरघळतं, पण बरेचसे तुकडे तरीही ५०० च्या वरचेच. त्वचा आतून नवी करण्याचे दावे मला म्हणूनच पटत नाहीत. ओलाव्याचा फायदा खरा आहे, आणि आपल्या हवेत तो थोडाथोडका नाही.

लॅक्टोफेरिनची गोष्ट वेगळी. १९३९ मध्ये गाईच्या दुधात सापडलेलं हे प्रथिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे जिवाणूंची वाढ रोखली जाते. ज्या चिकाचा आपण खरवस करतो त्यात ते भरपूर असतं. मुरुमांवर त्याचे प्रयोग झालेत, पण ते पोटातून देऊन. क्रीम लावून तसाच गुण येईल असं त्यावरून म्हणता येत नाही.

दुधाची ॲलर्जी असलेल्या लेकराला, विशेषतः कातडी फाटलेली किंवा इसब असेल तर, अशी क्रीम लावू नका. डबीवर केसीन, सोडियम केसिनेट, व्हे, लॅक्टोफेरिन यांपैकी कोणतंही नाव असलं तरी ते दूधच.