नागीण आणि कमजोर प्रतिकारशक्ती

नागीण म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूचा दुसरा अवतार. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी व्हेरिसेला झोस्टर हा विषाणू अंगातनं जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत गपगार पडून राहतो, आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती ढासळली की नसेच्या वाटेनं परत कातडीवर येतो. आधी नुसती आग आणि ठणका, मग पाण्याच्या फोडांचा पट्टा, बहुतेक वेळा छाती नाहीतर कमरेला आणि एकाच बाजूला.

कोल्हापुरात पेठेत विचारा नाहीतर करवीरच्या एखाद्या गावात, 'नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस संपला' हे हमखास ऐकायला मिळतं. खरं तर आजारी नसेचं राज्य शरीराच्या मधल्या रेघेपर्यंतच असतं, त्यामुळं धडधाकट माणसात तोंडं सहसा जुळतच नाहीत. पण किडनी बदललेला, कॅन्सरसाठी केमो चालू असलेला, एचआयव्हीचा किंवा महिनोन्महिने स्टेरॉइड घेणारा पेशंट असला की पट्टा शिस्त सोडतो, फोड अंगभर उठतात, जखमा खोल जातात, आठवडेच्या आठवडे भरत नाहीत. पट्ट्याच्या आसपासचा भाग सोडून 20 च्या वर फोड दिसले तर ती पसरलेली नागीण, आणि मग फुफ्फुस, लिव्हर, मेंदूलाही धोका. म्हणजे जुन्या बायकांची भीती अगदीच हवेतली नव्हती, फक्त त्यांनी सांगितलेलं कारण तेवढं चुकलं.

खरं नुकसान होतं ते काव (गेरू) लावण्यात आणि मंतरून घेण्यात वेळ जातो त्यानं, कारण असायक्लोव्हिरसारखं औषध फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. धडधाकट माणसाला गोळ्या पुरतात, प्रतिकारशक्ती फार खाली असली की ॲडमिट करून शिरेतनं द्यावं लागतं, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात असो वा खासगीत. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्यालाही धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा. तरुण माणसाला नागीण उठली तर डॉक्टर एचआयव्हीची टेस्ट सांगतात, त्यात रागवायचं काही नाही.

प्रतिकारशक्ती खालावलेल्या पेशंटांत इतर विषाणूही हात धुऊन घेतात: चामखिळी झुबक्यानं येतात, मोलस्कम या कातडीच्या विषाणूचे मोत्यासारखे दाणे चेहऱ्यावर मोठे होत जातात, साध्या हर्पिसचे व्रण महिनाभर हटत नाहीत.

फोडातल्या पाण्यानं दुसऱ्याला नागीण होत नाही, कांजिण्या होऊ शकतात, तेही ज्याला आधी झाल्या नाहीत त्यालाच. 2023 पासून भारतात शिंग्रिक्स ही लस मिळते, दोन डोस, महागडी, पण जिवंत विषाणू नसलेली, त्यामुळं कमजोर माणसालाही डॉक्टरांना विचारून घेता येते.